शेवटची गाडी : दोन मिनिटं दहा सेकंद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो बदलला आहे. संधींबद्दल मोबाइलवर हवं तेवढं मिळतं. ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे, ती फक्त आपल्या शाळेतच घडली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेतल्या अकरा मुलामुलींनी एका रहस्यपटाची सुरुवात तयार केली. पूर्ण सिनेमा नाही, नुसती सुरुवात. लांबी दोन मिनिटं दहा सेकंद. मी मदतनीस होते.

मुळात सरांनी मला चार दिवसांचं कॉम्प्युटर शिबिर घ्यायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, काय करायचं? सगळे म्हणाले, "पिच्चर." इंग्लंडमध्ये बारावीच्या पातळीवर मीडिया स्टडीज घेणाऱ्या मुलांना बरीच वर्षं एक प्रकल्प असायचा, तो मला माहीत होता. एका नव्या चित्रपटाची फक्त सुरुवात करायची, नावांच्या पाट्यांसकट, दोन मिनिटांत. बरीच मुलं त्यासाठी थरारपट निवडत. याचं कारण सोपं आहे. त्याला मोठा सेट लागत नाही, नाचगाणं लागत नाही. 'आता काहीतरी होणार' एवढं बघणाऱ्याला वाटलं, की काम झालं.

विद्यार्थ्यांनी सिनेमा करणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांना एक लहान चित्रपट करावा लागतो. श्रीराम राघवन यांनी तिथे केलेल्या 'द एट कॉलम अफेअर' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या फोटोतला धावपटू खेळाच्या पानाकडे धावत सुटतो. त्याचं संकलन त्यांच्याच बरोबर शिकणाऱ्या राजकुमार हिरानींनी केलं होतं. पुढे याच राघवन यांनी 'अंधाधुन' केला, 2018 मध्ये. मी मुलांना त्याची सुरुवात दाखवली. कोबीच्या शेतात एक माणूस बंदूक घेऊन सशाच्या मागे लागलाय. ससा एका डोळ्याने अधू. बस्स. त्या सशाचा पुढच्या गोष्टीशी काय संबंध, ते शेवटी कळतं. पण तोपर्यंत आपण खुर्चीला चिकटलेले असतो.

मग जब्बार पटेलांचा 'सिंहासन', 1979 चा. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. कट करणारा कोण, ते कळत नाही. एका मुलाने विचारलं, "ताई, यात मारामारी नाही, तरी भेव काहून वाटते?" हाच खरा प्रश्न होता. हिचकॉकने त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एकदम फुटला, तर बघणारा काही क्षण दचकतो. पण बॉम्ब आहे हे बघणाऱ्याला आधी सांगितलं आणि टेबलावरची माणसं आरामात गप्पा मारत बसली, तर बघणारा पंधरा मिनिटं घाबरून बसतो. थोडक्यात, कोणाला काय माहीत आहे, यावर सगळा खेळ.

दुसऱ्या दिवशी गोष्ट ठरवायला बसलो. पोरांचं एकमत झालं, लोणारला जाऊ. सरोवर आपल्यापासून जवळ, भोवती दाट झाडी, पडकी देवळं, आणि 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालेलं साऱ्या जगाने पाहिलेलं. आकाशातून दगड पडला, त्यातून काहीतरी बाहेर आलं, वगैरे. गोष्ट वाईट नव्हती. पण तो परिसर अभयारण्य आहे, परवानग्या लागतात, आणि चार दिवसांत ते जमण्यासारखं नव्हतं. शिवाय मी विचारलं, "तुमच्यापैकी लोणारला भीती कोणाला वाटली आहे?" एकही हात वर नाही. तिथे तर सगळे सहलीला गेलेले.

मग मी प्रत्येकाला कागद दिला. नाव न लिहिता एकच ओळ लिहायची : मला खरोखर भीती कधी वाटते? पोरांच्या कागदांवर साप, गणिताचा पेपर, विहीर, वडिलांचा मार. पोरी पाच होत्या. त्यांना लांब बसवलं होतं, एकमेकींचं बघता येत नव्हतं. पाचपैकी चौघींनी जवळजवळ एकच ओळ लिहिली होती. एकीची जशीच्या तशी सांगते : "शेवटची गाडी फाट्यावर उतरवून देते अन् निघून जाते तवा."

आपल्यातल्या ज्यांनी गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली, त्यांच्यासाठी सांगते. फाटा तिथेच आहे. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर, तेही तसंच. दिवाळीनंतर आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो आणि तालुक्याहून येणारी शेवटची गाडी सातला फाट्यावर येते. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे तुरीच्या ओळी. नोव्हेंबरात तूर डोक्याच्या वर गेलेली असते, आत माणूस उभा असला तरी दिसत नाही. फाट्यावरचा दिवा बंद आहे. मुलींचं शिक्षण दहावीपर्यंत गावात होतं. अकरावीला सायन्स घ्यायचं तर तालुक्याला जावं लागतं, आणि मग रोज ही शेवटची गाडी.

गोष्ट तिथेच ठरली. अकरावीतली मुलगी फाट्यावर उतरते. गाडीचे लाल दिवे लांब जातात. ती मोबाइल कानाला लावते आणि मोठ्याने बोलायला लागते, "हो बाबा, आलेच, तुम्ही पुलापाशीच आहात ना?" पुढच्या शॉटमध्ये आपल्याला मोबाइल जवळून दिसतो. तो बंद आहे. मागून सायकलच्या चेनचा आवाज येतो. ती वळून बघत नाही, बोलत राहते. आवाज जवळ येतो. घंटी वाजते. पडदा काळा. मग नाव : 'शेवटची गाडी'.

मोबाइल बंद आहे, हे तिला आणि आपल्याला माहीत, मागच्याला नाही. हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब आमच्या नववीतल्या पोरीने बंद मोबाइलमध्ये ठेवला. ही युक्ती सुचली कशी, असं मी विचारलं तर म्हणाली, "सुचली नाही ताई, आम्ही करतोच तसं."

आता अडचण बघा. गोष्ट रात्रीची आणि पोरींना अंधारात बाहेर राहायची घरून परवानगी नाही. अंधाराच्या भीतीचा सिनेमा आम्हाला उजेडात करावा लागला. त्यासाठी सिनेमावाल्यांची जुनी युक्ती आहे, दिवसा रात्र दाखवायची. फ्रेममध्ये आकाश येऊ द्यायचं नाही, कारण आकाश लगेच चुगली करतं. मोबाइलमध्ये एक्स्पोजर खाली ओढायचं, रंग निळसर करायचा, सूर्य समोरून किंवा बाजूने घ्यायचा म्हणजे माणसाची फक्त कड उजळते. दुपारी साडेचार ते पावणेसहा एवढाच वेळ मिळायचा. दोन दिवसांत बावीस शॉट घेतले. ट्रायपॉड नव्हता. विटांची चळत आणि त्यावर गव्हाचं पोतं, त्यात मोबाइल खोचलेला.

आवाज वेगळे रेकॉर्ड केले, वर्गाच्या खिडक्या बंद करून. परातीत मुरूम पसरून त्यावर चपला आपटल्या, ती तिची पावलं. तुराट्या मोडल्या, तो शेतातला आवाज. सायकल उलटी ठेवून पायडल हाताने फिरवलं. मुलांना सर्वांत जास्त मजा यात आली, आणि सर्वांत जास्त शिकणंही यात झालं. आवाज न लावता बघितलं तर ती नुसती चालणारी मुलगी होती. चेनचा आवाज लावल्यावर वर्गात कोणी बोलेना.

मग संकलन. इथे माझा इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग झाला. मोबाइल एका सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंदांत तीन हजार नऊशे. यातलं प्रत्येक चित्र ठेवायचं की काढायचं, हे ठरवता येतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्हने एका नटाचा तोच तो चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला होता : सूपची वाटी, शवपेटी. चेहरा एकच, पण बघणाऱ्यांना कधी भूक दिसली, कधी दुःख. आम्ही आमच्या नायिकेचा चेहरा घेतला. आधी जेवणाचा डबा जोडला, तर ती भुकेली दिसली. मग अंधारा रस्ता जोडला, तर घाबरलेली. चेहऱ्यात काहीही बदललेलं नव्हतं. एका पोराने विचारलं, "म्हणजे बातम्यांमध्ये पण असं करता येईन?" मी म्हटलं, येतं, आणि म्हणून तुला हे माहीत असायला पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी विषय बदलला, ती सांगते.

सायकलवाल्याचं काम दहावीतल्या एका मुलाने केलं. शूटिंग संपल्यावर तो पोरींना म्हणाला, "मी रोजच ह्या रस्त्यानं सायकलवर येतो. पुढे पोरी चालत दिसल्या की घंटी मुद्दाम वाजवत नाही, म्हटलं दचकतीन. मले पाहून तुम्ही जोरात चालता, ते घरी जायची घाई म्हणून, असं वाटे." थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, "मंग मी काय करू?" आमची नायिका म्हणाली, "लांबूनच आवाज दे. नाव सांग. अन् पुढे निघून जा." दोन वाक्यांत विषय मिटला. हे दोघं आठ वर्षं एकाच शाळेत आहेत आणि हे बोलणं त्यांच्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

सुट्टीच्या शेवटी हॉलमध्ये पांढरी चादर लावून पालकांना फिल्म दाखवली. बंद मोबाइलचा शॉट आला तेव्हा बायकांच्या बाजूने हसू आलं. ओळखीचं हसू होतं ते. एक आई म्हणाली, "बाजारातून येतानी मी बी असंच करतो." पुरुषांच्या बाजूला शांतता. फिल्म संपल्यावर एका मुलीचे वडील उठले. साधा, कष्टाळू माणूस. ते म्हणाले, "मॅडम, चांगलं केलं तुम्ही दाखवलं. आता मी पोरीले अकरावीले तालुक्याले धाडत नाही."

मला उत्तर सुचण्याआधी त्यांची मुलगीच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, आम्ही रस्त्याचं भेव दाखवलं. कॉलेजचं नाही दाखवलं."

वडील खाली बसले. पण त्यांनी निर्णय बदललेला नाही. मी गेल्याच आठवड्यात त्यांच्याशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "दिवा लागू द्या, कोणी सोबत असू द्या, मंग पाहू." मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. मुलगी हुशार आहे. या मार्चला तिची दहावीची परीक्षा आहे. निकाल लागला की अकरावीचे प्रवेश. म्हणजे आपल्या हातात फार तर जूनपर्यंतचा वेळ आहे.

आज इथे साधारण दीडशे माजी विद्यार्थी बसले आहेत. व्यासपीठाला कमान, हार, शाल, नारळ, हे सगळं छान आहे. माझी तीन कामांची विनंती आहे.

पहिलं, फाट्यावर एक आणि गावापर्यंतच्या रस्त्यावर चार, असे पाच सौरदिवे. ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. आपल्यातले दोघं ग्रामपंचायतीत आहेत, ते पहिल्या रांगेत बसले आहेत. एका दिव्याचा खर्च मी देते, चार उरतात. दिवा लावणं सोपं आहे, दोन वर्षांनी बॅटरी बदलणं कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून बॅटरीचे पैसे आजच वेगळे काढून ठेवावेत.

दुसरं काम पैशाचं नाही. गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. रोज सातला दोन माणसं फाट्यावर, त्यात एक बाई असावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरं, हे शिबिर दरवर्षी व्हावं. सिनेमाच पाहिजे असं नाही. पण त्या कोऱ्या कागदावरची एक ओळ मुलांकडून दरवर्षी लिहून घ्यावी आणि ती आपण वाचावी.

फिल्म आज दुपारी जेवणानंतर याच हॉलमध्ये दाखवणार आहोत. सायकलवर कोण होतं, असं मुलांना विचारू नका. त्यांच्यातच अजून भांडण चालू आहे. नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे, एका पानावर दिवे, दुसऱ्या पानावर वार. जेवायला जाण्याआधी तिथे थांबा, एवढंच.