मोबियस सिंड्रोम : चेहरा अबोल, मन बोलके

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या बालरोग विभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



वर्षभरातील कार्याचे आकडे या अहवालात अन्यत्र आलेच आहेत. आज आम्ही मुद्दाम अशा एका विकाराविषयी बोलणार आहोत, जो त्याच्या दुर्मिळतेमुळे कोणत्याही तक्त्यात उठून दिसत नाही. मोबियस सिंड्रोम हे त्याचे नाव. जर्मनीतील लाइपझिग येथील मज्जाविकारतज्ज्ञ पाउल युलिउस मोबियस यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्यास मिळाले.

मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या असतात. त्यांपैकी सहावी जोडी डोळा बाहेरच्या बाजूस वळवते, तर सातवी चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देते. या विकारात प्रामुख्याने या दोन जोड्यांची वाढ गर्भावस्थेतच खुंटते. अशा बालकास हसता येत नाही, भुवया उंचावता येत नाहीत, ओठ आणि पापण्या पूर्ण मिटता येत नाहीत. बाजूला पाहायचे तर डोळ्यांऐवजी सारी मान वळवावी लागते. काहींची पावले आत वळलेली असतात, काहींची बोटे अपुरी असतात, तर काहींची टाळू दुभंगलेली असते. मात्र हा विकार वयाबरोबर वाढत नाही आणि बहुसंख्य बालकांची बुद्धी सर्वसाधारणच असते.

हे शेवटचे वाक्य आपण विशेष ध्यानी घ्यावे, अशी आमची विनंती आहे. आपण सारे माणसाचे मन त्याच्या चेहऱ्यावरून वाचतो. त्यामुळे ज्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामागे काही नाही, असा समज सहज होतो. असे मूल ‘मंद’ ठरते, ‘रुसके’ ठरते, वर्गात मागच्या बाकावर जाते. वस्तुतः त्याला आनंद होतो, राग येतो, अपमानही कळतो. तो दाखविण्याचे साधन मात्र निसर्गाने त्याच्यापासून हिरावून घेतलेले असते.

वाणीचेही तसेच. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्यावाचून उमटत नाहीत. म्हणून अशा मुलास ‘आई’ म्हणणे तुलनेने सोपे जाते, पण ‘बाबा’ आणि ‘मामा’ कठीण जातात. वाचा-उपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने जीभ वरच्या दातांना टेकवून या वर्णांच्या जवळ जाणारे उच्चार मुले शिकू शकतात. त्यासाठी शिकविणाऱ्याजवळ आणि ऐकणाऱ्याजवळ धीर हवा.

कारणांविषयी बोलताना प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे मूल जन्मले, हा दोष अनेक मातांच्या माथी मारला जातो. त्यास कोणताही आधार नाही. बहुतेक कुटुंबांत पूर्वी असा रुग्ण झालेला नसतो. २०१५ मध्ये काही रुग्णांत दोन जनुकांतील नव्याने उद्भवलेले बदल आढळले. तरी बहुतांश रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. १९९८ मध्ये ब्राझीलमधील अभ्यासात मात्र, गर्भपातासाठी घेतलेल्या मिसोप्रोस्टॉल या औषधानंतरही गर्भ टिकून राहिला असता या विकाराशी त्याचा संबंध दिसून आला. म्हणून अशी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीविना कधीही घेऊ नये.

हा विकार समूळ बरा करणारा उपाय आज नाही. परंतु करण्याजोगे पुष्कळ आहे. स्तन ओढता न येणाऱ्या अर्भकास विशेष बाटलीने वा नळीने दूध देता येते. झोपेतही उघडा राहणारा डोळा थेंब व मलम यांनी ओला ठेवला, तर बुबुळाचा पडदा वाचतो. वाकडी पावले प्लास्टरने सरळ करता येतात. पुढे योग्य वयात मांडीतील स्नायूची पट्टी गालात बसवून ती चर्वणाच्या स्नायूच्या मज्जातंतूशी जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. काही महिन्यांनी गाल हलू लागतो आणि मूल दात दाबून हसण्याचा सराव करते.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत वाकडी पावले व दुभंगलेली टाळू शोधली जाते. त्याच वेळी कोणी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे आणि डोळ्यांच्या हालचालीकडेही पाहिले, तर हे निदान वेळेवर होऊ शकेल.

देणगीदारांपाशी आमचे एकच मागणे आहे. एका शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारे दाते, सुदैवाने, भेटतात. पण या मुलांना वर्षानुवर्षे नेत्र, अस्थी, दंत व वाचा विभागांच्या फेऱ्या घालाव्या लागतात. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि रोज लागणारे थेंब यांपायी उपचार मध्येच सुटतात. आपल्या दानाचा काही अंश या न दिसणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवावा.

आणि पालकहो, आपल्या मुलाचा आनंद त्याच्या आवाजात, हातवाऱ्यांत, धावत येण्यात शोधा. शिक्षकांना, शेजाऱ्यांना तो ओळखायला शिकवा. छायाचित्र काढताना ‘हस बघू’ असे कोणी म्हटले, तर निःसंकोच सांगा, की तो हसतोच आहे.