परदेशात इंग्रजी शिकवायचे, तर आरंभ घरी

(वसंत व्याख्यानमालेत पदवीधर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



या व्याख्यानमालेत इतिहासावर, संतसाहित्यावर, देशापुढील प्रश्नांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. संयोजकांनी मला मात्र निखळ व्यवहाराचा विषय दिला आहे. इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींना इंग्रजीचे शिक्षक म्हणून परदेशात जायचे असेल, तर त्यांनी सुरुवात कोठून करावी? विषय व्यवहाराचा असला, तरी क्षुल्लक नाही. अभियंत्याने किंवा डॉक्टरने परदेशी जाण्याची वाट आता पुरती मळलेली आहे. प्रत्येक आळीत तिची माहिती देणारा एखादा काका भेटतो. कला शाखेच्या पदवीधराला असा काका भेटत नाही. त्याला भेटतो तो दलाल. म्हणून हे बोलणे अगत्याचे वाटते.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे. इंग्रजी येणे वेगळे आणि इंग्रजी शिकवता येणे वेगळे. जगात आपल्याला पुरावा मागितला जातो तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि हा पुरावा विमानात बसण्यापूर्वी, येथेच, आपल्या गावी तयार करावा लागतो.

आधी पारपत्र, मग पांडित्य

विद्वानाला सर्वत्र मान मिळतो, अशी आपली श्रद्धा आहे. ती खोटी नाही. पण मानापर्यंत पोहोचण्याआधी व्हिसाची खिडकी लागते, आणि त्या खिडकीत पांडित्यापूर्वी पारपत्र पाहिले जाते. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. तेथे इंग्रजी शिकवण्यासाठी जो 'ई-२' व्हिसा मिळतो, तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. मात्र भारत आणि कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला व तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्या करारामुळे भारतीयांना शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक होण्याची वाट मोकळी झाली. अट एवढीच, की पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाची अधिकृत अर्हता हवी. सात देशांच्या पदवीधराला ज्या दारातून प्रवेश आहे, तेथे आपल्याला अध्यापनाची अर्हताही दाखवावी लागते. शिवाय दार उघडे असणे म्हणजे निवड होणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

खुद्द इंग्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांना तेथील 'अर्हताप्राप्त शिक्षक' या दर्जासाठी थेट अर्ज करता येऊ लागला. बातमी वाचून आपल्याकडे अनेक इंग्रजीचे शिक्षक हरखले. परंतु ही सोय गणित, विज्ञान आणि इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. गणिताच्या मास्तरांना दार उघडे आणि इंग्रजीच्या मास्तरांना बंद! बातमीचा मथळा आणि नियमाचे कलम यांत केवढे अंतर असते, ते पत्रकारितेत आयुष्य काढल्यावर मी सांगू शकतो. आपण कलम वाचावे.

यावर रागावून उपयोग नाही. पण न्यूनगंड बाळगण्याचेही कारण नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी तोच उत्तम शिक्षक, ही समजूत भ्रामक आहे, हे रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ मध्येच मांडले. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध भूमिका जाहीर केली. आणि आपला पूर्वानुभव काय सांगतो? हेल सेलासी यांच्या काळात इथिओपियातील शाळा-शाळांतून भारतीय शिक्षक होते. भूतानने इंग्रजी माध्यमाची शाळा उभारली, ती मोठ्या प्रमाणावर भारतीय, विशेषतः केरळी शिक्षकांच्या बळावर. भारतीयाने परदेशात इंग्रजीतून शिकवणे ही काही आजची नवलाई नव्हे.

मराठी माध्यमाच्या मुलांनी काय करावे?

आता एक नाजूक गोष्ट. येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी आपली मुले विचारपूर्वक मराठी शाळेत घातली. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. परंतु जपानमध्ये शाळेतील विदेशी भाषेच्या सहायक शिक्षकासाठी जो 'शिक्षक' वर्गातला निवासी परवाना आहे, त्याचा नियम असा, की जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून उमेदवाराचे किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे. मराठी शाळेत दहावी होऊन पुढे इंग्रजीत एम.ए. झालेल्या मुलाची ही बारा वर्षे भरत नाहीत. त्याचे इंग्रजी कितीही उत्तम असो, हिशेब वर्षांचा आहे.

अशा वेळी कोणी सुचवते की, शाळेकडून माध्यमाचा दाखला 'करून' घ्या. हे कदापि करू नये. खोटा दाखला एका व्हिसापुरता नसतो. तो पकडला गेला की त्या देशाचे दार कायमचे मिटण्याची भीती असते, आणि आपल्या मागून येणाऱ्या प्रामाणिक मराठी मुलाकडेही संशयाने पाहिले जाते. शहाणपणाचा मार्ग हा, की देश निवडतानाच आपली कागदपत्रे समोर ठेवावीत आणि ज्या देशाचे नियम आपल्याला लागू पडतात, तोच निवडावा.

थायलंडमध्ये माध्यमाचा असा अडसर आड येत नाही. तेथे पदवी लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून बहुतेक शाळा 'टोइक' किंवा 'आयेल्ट्स'सारख्या परीक्षेचे गुण मागतात. नोकरीसाठीचा 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा, श्रम खात्याचा कामाचा परवाना आणि 'खुरुसफा' या तेथील शिक्षक परिषदेची निदान तात्पुरती अनुज्ञा, अशी तिहेरी व्यवस्था आहे. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना बी.एड. झालेला, वर्गाचा अनुभव असलेला शिक्षक हवा असतो. मराठी माध्यमातून शिकून बी.एड. झालेल्या आणि दोन-तीन वर्षे येथे शिकवलेल्या उमेदवाराला ती वाट अधिक सरळ आहे.

"तिथे गेल्यावर बघू"

सांगली जिल्ह्यातला एक तरुण काही काळापूर्वी सल्ल्यासाठी भेटला. एम.ए. इंग्रजी, वर्ग चांगला, वडिलांची छोटी शेती. एका दलालाने त्याला सांगितले होते : पर्यटक म्हणून बँकॉकला चला, नोकरी तयार आहे, कागद तिथे गेल्यावर बघू. पैशांसाठी जमिनीचा तुकडा गहाण ठेवण्याची बोलणी सुरू होती. मी त्याला एवढेच म्हटले, "शाळेचे नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे नियुक्तिपत्र मागा, मिळाले तर त्या शाळेला स्वतः दूरध्वनी करा." त्याने मागितले. आठ दिवसांत दलालाचा दूरध्वनी लागेनासा झाला. जमीन वाचली.

सगळ्यांचीच वाचते असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये नोकरी, असे आमिष दाखवून भारतीय तरुणांना बेकायदा सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तेथे त्यांना डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्याला जुंपले जात होते. ती आमिषे संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांची होती, शिक्षकाची नव्हती. पण "तिथे गेल्यावर बघू" हे वाक्य सगळीकडे तेच असते.

येथे पालकांनी कायद्याची एक बाजू समजून घ्यावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार काही देशांत नोकरीला जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगाराला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्यानिमित्ताने त्याचा करार कोणीतरी तपासतो. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे पदवीधर शिक्षकाचा करार तपासणारा अधिकारी वाटेत कोणी नाही. तो त्याने स्वतःच तपासायचा आहे. तेव्हा भरती करणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते आधी पाहावे. नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये, अधिक कर, अशी आहे. कोणी लाखांत बोलू लागला, की उठून यावे.

एक वर्ष घरी

मग करायचे काय? माझा आग्रह आहे की, निघण्यापूर्वीचे एक वर्ष तयारीला द्यावे.

पहिली गोष्ट, अध्यापनाची अर्हता. बी.एड. असेल तर उत्तम. त्याखेरीज केंब्रिजचे 'सेल्टा' हे प्रमाणपत्र जगभर ओळखले जाते. त्यात सुमारे १२० तासांचा अभ्यास असतो. पण खरे मोल आहे ते प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या देखत शिकवण्याच्या सहा तासांना. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचाही इंग्रजी अध्यापनातला पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. याउलट, घरबसल्या चार दिवसांत '१२० तासांचे' प्रमाणपत्र देणारी दुकाने पुष्कळ आहेत. ज्या अभ्यासक्रमात एकदाही वर्गात उभे राहावे लागत नाही, त्याने शिक्षक घडत नाही, हे साध्या तर्कानेही कळते.

दुसरी गोष्ट, कागदपत्रे. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रके, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला यांचे साक्षांकन वेळखाऊ असते. भारत २००५ पासून 'अपोस्टिल' करारात आहे. तो करार मान्य करणाऱ्या जपान-कोरियासारख्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो; इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीपर्यंत जावे लागते. प्रमाणपत्रावरील नाव आणि पारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी काम अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी गोष्ट, दिनदर्शिका. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, कोरियात मार्चमध्ये, थायलंडमध्ये मेच्या मध्याला, आणि तेथील दुसरे सत्र नोव्हेंबरमध्ये. आपल्या जूनच्या हिशेबाने अर्ज केला, तर जागा भरलेल्या असतात.

चौथी गोष्ट, सराव. जवळच्या नगरपालिका शाळेत, वस्तीवरच्या अभ्यासिकेत, आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकवावे. परदेशी शाळेला अनुभवाचा दाखला मिळेल आणि आपल्या मुलांनाही लाभ होईल.

वर्गात उभे राहिल्यावर

आपली एक जुनी सवय तेथे मोडावी लागेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य द्यावे, इंग्रजी करून घ्यावे, चूक तांबड्या शाईने दाखवावी. थाई मुलांच्या वर्गात हे चालणार नाही, कारण त्यांची भाषा आपल्याला येत नसते. तेथे शिक्षकाने कमी बोलायचे आणि मुलांना बोलते करायचे असते. गंमत अशी, की ही दृष्टी जगाला देणाऱ्यांत एक भारतीय अग्रभागी आहेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांमध्ये प्रयोग केला : व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी मुलांना नकाशा, वेळापत्रक, हिशेब अशी कामे द्यायची आणि ती करता करता भाषा शिकू द्यायची. १९८७ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले. पुढे ते सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकवू लागले आणि भाषाशिक्षणाच्या जागतिक चर्चेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ते शिक्षक म्हणून आधी येथल्या वर्गात घडले, मग परदेशी गेले.

स्वतःच्या उच्चारांकडेही पाहावे. आपल्या एका 'व'मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी बुडून जातात. ते वेगळे करायला शिकावे. जपानी मुलाला 'र' आणि 'ल' यांतला भेद जड जातो, थाई मुलाच्या तोंडून शब्दाच्या शेवटचे व्यंजन निसटते. ज्याने स्वतः परकी भाषा कष्टाने कमावली, त्यालाच ही अडखळ आतून कळते. हे आपले भांडवल आहे.

सेवा कोणाची?

शेवटी एक शंका. काही ज्येष्ठ विचारतील, की आपल्या मुलांनी परक्या देशात जाऊन परक्यांचीच भाषा शिकवावी, यात आपले काय? १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी पुण्यात स्वाभिमानी शिक्षणासाठी शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल होते. भाषा हे त्यांना साधन वाटले. बंधन वाटले नाही. चांगरायमधल्या किंवा मस्कतमधल्या एखाद्या शाळेत मराठी शिक्षक उभा राहतो, तेव्हा त्या मुलांच्या दृष्टीने तोच भारत असतो. तो वेळेवर येतो का, खरे बोलतो का, दुबळ्या मुलाकडे पाठ फिरवतो का, यावरून ती मुले आपल्या देशाची परीक्षा करतील.

पालकांना माझी विनंती आहे : मुलांची घाई करू नका आणि कर्जाची तर मुळीच करू नका. तरुणांना सांगतो : तिकिटाचे पैसे साठवण्याआधी शिकवण्याचे तास साठवा. जवळच्या शाळेत इंग्रजीला शिक्षक हवाच असेल. उद्या सकाळी जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.