स्वस्त नळी आणि भक्कम सांगाडा



आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतून पुण्या-मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या पुष्कळ कुटुंबांचें शेत अद्याप गांवीं आहे. शेतांतला माल बांधापर्यंत आणण्यासाठीं पॉवर टिलरच्या मागें जोडावयाची एखादी दोन चाकांची ट्रॉली घरींच तयार करावी, असें त्यांतील अनेकांच्या मनांत येतें. टोमॅटोचा एक क्रेट सुमारें २० किलोंचा. असे पंधरा क्रेट ठेवले कीं ३०० किलो भार झाला. हा भार पेलणाऱ्या सांगाड्यासाठीं पोलादी नळी, म्हणजे बाजारांत ज्याला पाइप म्हणतात तो, स्वस्तांत कसा घ्यावा, याचा विचार आपण करूं. सांगाडा उतारावर मोडला तर मालाचें नुकसान पुढल्या हंगामांत भरून निघेल. शेजारून चालणाऱ्या माणसाचा पाय मात्र भरून निघणार नाहीं. म्हणून ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट ठरविला पाहिजे.

या बाबतींत जुन्नर तालुक्यांतच एक मोठा दाखला उभा आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. १९९० च्या दशकांत ती बांधली गेली. एवढ्या प्रचंड तबकड्या परवडणाऱ्या खर्चांत उभ्या कशा कराव्या, हा प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्यापुढील मोठा प्रश्न होता. त्यांनीं भरीव पत्रा टाळला. पोलादी नळ्यांच्या १६ वक्र चौकटी, त्यांना ताणून बांधलेले तारेचे दोर, आणि त्यांवर अर्ध्या मिलीमीटरहून किंचित् जाड अशा तारेची जाळी, अशी रचना त्यांनीं योजिली. वारा जाळींतून निघून जातो, म्हणून तबकडीवर त्याचा जोर कमी पडतो. आणि जोर कमी, म्हणून आधारासाठीं पोलादही कमी लागतें. स्वरूप २०२० सालीं निवर्तले; त्यांची काटकसर खोडदच्या माळावर उभी आहे. तेथें बचत झाली ती धातु योग्य जागीं ठेवल्यामुळें.

हाच धडा आपल्या ट्रॉलीस लावूं. ६० बाय ६० मिलीमीटरचा चौरस पाइप आणि ८० बाय ४० चा लांबट पाइप, दोन्ही ३ मिलीमीटर जाडीचे, घेतले तर दोहोंत पोलाद सारखेंच असतें. परंतु लांबट पाइप उभा ठेवला, तर भाराखालीं न वांकण्याचा त्याचा गुण चौरस पाइपाच्या सुमारें दीडपट होतो. तोच आडवा ठेवला, तर तो गुण चौरसाच्या निम्म्यावर येतो. म्हणजे एक पैही अधिक न देतां, केवळ पाइप उभा ठेवल्यानें, आडव्याच्या तिप्पट ताठपणा पदरांत पडतो. भोंक पाडावयाचें झाल्यास तें उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावें. वरच्या किंवा खालच्या अंगास पाडूं नये, कारण सर्वांत अधिक ताण तेथेंच असतो.

आतां दुकानाकडे वळूं. पोलादाचा खरा भाव किलोवर असतो, नगावर नव्हे. ५० बाय ५० चा, ३ मिलीमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारें सव्वाचार किलो भरतो. सहा मीटरांचा नग साडेपंचवीस किलोंचा झाला. जाडी २ मिलीमीटर असेल, तर तोच नग साडेसतरा किलोंच्या आसपास भरेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. समजा, १०० रुपयांचा जाड पाइप म्हणून कोणी पातळ पाइप ८५ रुपयांना दिला. घेणाऱ्यास १५ रुपये वांचल्याचा आनंद होतो. पण त्यांत पोलाद ६९ रुपयांचेंच असतें. म्हणून नग कांट्यावर घालून पाहावा आणि कापलेल्या तोंडाशीं कॅलिपरनें जाडी मोजावी. गेजचा आंकडा वाढला कीं पत्रा पातळ होतो, हेंही ध्यानांत असावें: १४ गेज म्हणजे सुमारें २ मिलीमीटर, तर १६ गेज म्हणजे सुमारें १.६. बांधकामाच्या चौकोनी पाइपासाठीं भारतीय मानक ४९२३ आहे. तो छाप असलेला माल मागावा.

जुना पाइप घेण्यास हरकत नाहीं, पण तो पारखून घ्यावा. पाण्याच्या नळाचें माप पोकळीवरून ठरतें. ‘एक इंची’ नळ बाहेरून ३३.७ मिलीमीटर भरतो. त्यावर पिवळा पट्टा असल्यास तो हलका, निळा असल्यास मध्यम, आणि तांबडा असल्यास जड समजावा. जुना नळ आंतून गंजलेला असूं शकतो, म्हणून तो ठोकून व कापून पाहावा. त्यावर जस्ताचा मुलामा असेल, तर वेल्डिंगच्या वेळीं निघणारा धूर ताप आणतो. तेव्हां सांध्यालगतचें जस्त आधीं घांसून काढावें आणि काम उघड्या हवेंत करावें. सांगाडा पुरा झाल्यावर पाइपांचीं तोंडें बंद करावीं, म्हणजे पावसाचें पाणी आंत साचणार नाहीं.

कांहीं ठिकाणीं मात्र काटकसर मुळींच करूं नये. आंस, चाकें, ओढण्याची दांडी आणि तिचा सांगाड्याशीं असलेला सांधा, यांवर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. हे सांधे जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ‘मोटार वाहन’ या संज्ञेंत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळें यंत्रामागें जोडून ती सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाची तर नोंदणी हवी. घरगुती ट्रॉली आपल्या शेताच्या हद्दींतच वापरावी, हें उत्तम.

सारांश, पाइप घेण्यापूर्वीं कागदावर आकृति काढावी, भाराचा हिशेब मांडावा, आणि मग कांट्यासमोर उभें राहावें. जो पाइप योग्य जागीं, योग्य बाजूनें, पुऱ्या वजनाचा बसतो, तोच खरा स्वस्त.