पाऊण तास म्हणजे पाऊण तास

(शुक्रवारी दुपारी कॅम्पच्या मेसमध्ये जे बोललो, ते इथे लिहून काढलं आहे. ज्यांची ड्युटी होती त्यांनी मागितलं म्हणून.)

जेवणं झाली आहेत, डोळे जड झालेत, ते दिसतंय मला. आठवड्याची एक सुट्टी, ती कपडे धुण्यात आणि घरी फोन करण्यात जाते. त्यातला थोडा वेळ तुम्ही मला दिलात, तेव्हा कामाचंच बोलतो.

मी पाईप फिटर. रत्नागिरीकडचा. इकडे येऊन २२ वर्षं झाली. आज तुम्हाला सांगणार आहे की पाण्याखाली जाणाऱ्या पाईपचा सांधा कसा करतात. तुम्ही म्हणाल, हक्कांच्या बैठकीत हे कुठून आलं? शेवटपर्यंत ऐका, मग कळेल.

तुमच्यातले बरेच जण किनाऱ्यावरच्या कामांवर आहात. इथल्या देशांत पिण्याचं पाणी बहुतेक समुद्राचंच, खारं पाणी गोडं करून मिळतं. त्यासाठी समुद्रातून पाणी आत आणणारा पाईप लागतो आणि उरलेलं जास्त खारं पाणी परत सोडणारा पाईप लागतो. हे पाईप पुष्कळदा काळ्या एचडीपीईचे असतात. गंजत नाहीत, वाकतात, आणि पाण्यापेक्षा हलके म्हणून हवा भरलेली असताना तरंगतात. वर काँक्रीटची वजनं बांधायची, ओढत समुद्रात न्यायचा, एका टोकाने पाणी भरत दुसऱ्या टोकाने हवा सोडत हळूहळू बुडवायचा.

जमिनीतला पाईप गळला तर खणून काढता येतो. समुद्राच्या तळाशी गळला तर बोट लागते, डायव्हर लागतात, दिवसच्या दिवस जातात. आणि पाण्यात प्लास्टिकचा पाईप वितळवून जोडता येत नाही, त्याला कोरडं आणि स्वच्छ लागतं. म्हणून खरा सांधा किनाऱ्यावरच होतो, तुमच्या-माझ्या हातून. पाण्याखाली फक्त फ्लँजला फ्लँज लावून बोल्ट आवळायचे.

आता बट वेल्डिंग. मशीनवर जे आहेत त्यांना हे पाठ आहे, पण नवीन पोरांसाठी सांगतो. दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये धरायची. ट्रिमरने तोंडं तासायची, अखंड साल निघेपर्यंत. मग तोंडाला तोंड लावून बघायचं, पाईपच्या भिंतीच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वर-खाली असता कामा नये. तासल्यावर हात लावायचा नाही. हाताचा घाम, तेल, उडणारी वाळू, सगळं सांध्यात बसतं. हीटर प्लेट २०० ते २२० डिग्रीच्या आसपास. टोकं तापली की प्लेट काढायची आणि लगेच जोडायची, कारण मधे वारा लागला की तोंड थंड पडतं. मग ठरलेल्या दाबाखाली तसंच ठेवायचं, थंड होईपर्यंत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. थंड होईपर्यंत. ६३० मिलिमीटरचा पाईप असेल आणि भिंत ३७ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर चार्टप्रमाणे पाऊण तास क्लॅम्प उघडायचा नाही. पाणी ओतून थंड करायचा नाही. पाऊण तास म्हणजे पाऊण तास.

आणि याच पाऊण तासावर सगळ्यांचा डोळा असतो. कारण तेवढा वेळ माणसं बसलेली दिसतात.

मी आलो त्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षाची गोष्ट. कंपनीचं नाव नको, आज ती त्या नावाने नाहीही. असंच समुद्रात पाईप सोडायचं काम. मशीनवर मालवणकडचा एक पोरगा होता, माझ्याहून लहान, कामात माझ्याहून सरस. बार्जची तारीख ठरलेली, सांधे मागे पडलेले. फोरमन येऊन म्हणाला, वीस मिनिटांत उघड. पोराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्याने उघडलं. रजिस्टरमध्ये काय लिहायचं विचारलं तर उत्तर आलं, पंचेचाळीस लिही, सही कर. त्याने केली. असे किती सांधे झाले, मोजले नाहीत.

बाहेरून सगळे चांगलेच दिसत होते. दोन्ही बाजूंना गोल, सारखी बीड. घाईतल्या सांध्याची खोड तीच, तो दिसायला चांगला असतो. पाईप बुडवताना वाकला तेव्हा एक सांधा फुटला. आत पाणी शिरलं आणि अख्खी लाईन तोल जाऊन तळाला गेली. नशीब की कोणी त्यावर उभं नव्हतं.

चौकशी झाली. रजिस्टर काढलं. त्यात पंचेचाळीस मिनिटं आणि पोराची सही. म्हणजे वेळ पूर्ण दिला होता, मग सांधा फुटला तो ऑपरेटरच्या निष्काळजीपणाने. फोरमन म्हणाला, मी असं काही सांगितलंच नाही. साक्षीदार कोण? मी. आणि मी तेव्हाही दुसरीकडेच बघितलं. माझ्या व्हिसाचे आठ महिने उरले होते आणि घराचं काम जोत्यापर्यंत आलं होतं. पोराच्या हिशोबातून पैसे कापले आणि त्याला घरी पाठवलं. माझं घर झालं. तो मला पुढे कधी बोलला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. तुम्ही तसं करू नये म्हणून.

तेव्हा पहिला हक्क हा: खोटी वेळ लिहायची नाही. कूलिंग टाईम हा आराम नाही, तो कामाचाच भाग आहे आणि चार्टमध्ये छापलेला आहे. कोणी लवकर उघडायला सांगितलं तर भांडू नका, "करणार नाही" असंही म्हणू नका. एवढंच म्हणा, "साहेब, चार्टवर वीस मिनिटं दाखवा, मी वीस मिनिटांत उघडतो." चार्टवर ते नसतंच. तरीही जबरदस्ती झाली तर रजिस्टरमध्ये खरी वेळ लिहा. ती लिहू देत नसतील तर सही करू नका. साईटवर फोटो काढायला बंदी असते, म्हणून छोटी वही ठेवा. सांध्याचा नंबर, क्लॅम्प लावल्याची वेळ, उघडल्याची वेळ, कोणी काय सांगितलं. मराठीत लिहा, काही बिघडत नाही. त्याच दिवशी लिहिलेलं कामाला येतं, महिन्याने आठवून लिहिलेलं येत नाही.

दुसरं, फ्लँज आणि रबर. बोल्ट ओळीने आवळायचे नाहीत. एक आवळला की त्याच्या समोरचा, आणि तेही तीन-चार फेऱ्यांत थोडं थोडं. एकदम एका बाजूने आवळलं तर गॅस्केट तिकडे चेपतं आणि दुसरीकडे उघडं राहतं. एचडीपीईची कड दाबाखाली थोडी बसते, म्हणून काही तासांनी परत टॉर्क लावावा लागतो. वापरलेलं गॅस्केट पुन्हा नाही. रबर रिंग कुठली आहे ते विचारा. पाण्याच्या लाईनला ईपीडीएम असेल तर तिला ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका, ती फुगते. साबणासारखं पाण्यात विरघळणारं लुब्रिकंट असतं, ते मागा. हे सगळं सांगतोय कारण गळती झाली की पहिला प्रश्न येतो, "फिटर कोण होता?" तुमचं उत्तर तयार असलं पाहिजे.

तिसरं, टेस्टिंग. लाईनची टेस्ट पाण्याने करायची. घाईत कोणी म्हणेल, पाणी कुठे भरत बसता, कॉम्प्रेसर लावा. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून सांधा सुटला तर दाब लगेच उतरतो. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. त्याच दाबाला तिच्यात कितीतरी पट जास्त ताकद साठते, आणि टोकाचं झाकण तोफगोळ्यासारखं सुटतं. हवेची टेस्ट असेल तर लेखी परमिट, दोरी बांधून बंद केलेली जागा आणि सेफ्टीचा माणूस दिसल्याशिवाय जवळ जाऊ नका. आणि टेस्ट कुठलीही असो, झाकणाच्या समोर उभं राहायचं नाही, दाब असताना बोल्ट आवळायला जायचं नाही.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. आपण कोकणातली माणसं, फोरमनला माहीत असतं आपल्याला पोहता येतं. मग एखाद्या दिवशी तो म्हणतो, "दोनच बोल्ट राहिलेत, जरा डुबकी मार ना." नाही. खाडीत पोहणं वेगळं आणि पाईपच्या तोंडाशी काम करणं वेगळं. ते ट्रेनिंग घेतलेल्या डायव्हरचं काम.

का ते हिशोबाने सांगतो. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. समजा १० मीटर खाली ३० सेंटिमीटर व्यासाचं पाईपचं तोंड आहे आणि आत पाणी नाही, नुसती हवा आहे. त्या तोंडावर बाहेरचं पाणी सुमारे ७०० किलोच्या जोराने दाबत असतं. दांडग्या म्हशीहून जास्त वजन झालं. झाकण निघालं आणि तुमचा हात, पाय किंवा पाठ तिथे आली, तर चार माणसांनी ओढूनही निघत नाही. वरून काहीच दिसत नाही, पाणी शांत असतं. सेफ्टीवाले याला डेल्टा पी म्हणतात, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक.

२५ फेब्रुवारी २०२२ ला त्रिनिदादमध्ये पॉइंट-ए-पिएर इथे हेच घडलं. समुद्रातल्या ३० इंची तेलाच्या लाईनवर पाच डायव्हर काम करत होते, पाण्याखालच्या कोरड्या चेंबरमध्ये. लाईनमधला माल आधी काढलेला होता, त्यामुळे आत पोकळी झाली होती. प्लग काढताच पाचही जण पाईपमध्ये ओढले गेले. एक जण काही तासांनी कसाबसा बाहेर आला आणि त्याने सांगितलं की बाकीचे आत जिवंत आहेत. मदतीला आत जाऊ पाहणाऱ्यांना अडवलं गेलं. चौघे गेले. नंतर चौकशी आयोग बसला आणि लाईनमधला माल काढल्यामुळे दाबातला हा धोका तयार झाला होता, हे अहवालात आलं. ती माणसं कसलेली डायव्हर होती. त्यांच्यावर ही वेळ आली, तर डुबकी मारणाऱ्या फिटरचं काय होईल?

म्हणून पाण्याखालची लाईन उघडण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. आत पाणी भरून दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला आहे का? व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलंय का, किल्ली कोणाकडे? पंप बंद असल्याचं लेखी परमिट कुठे आहे? तुम्ही डायव्हर नसलात, नुसते वर दोरी धरून उभे असलात, तरी विचारा. खाली गेलेल्याला तिथून विचारता येत नाही.

आता हक्काचं थोडं. जिवाला लगेच धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहिलं आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून एकट्याने अडून बसू नका. दोघा-तिघांनी मिळून सेफ्टी ऑफिसरकडे जा आणि गेल्याची तारीख वहीत लिहा. माझ्या त्या गोष्टीत दुसरा माणूस बोलला असता, तर निकाल वेगळा लागला असता.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम नाही, हा इथला कायदाच आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, सौदीत त्याच तारखांना बारा ते तीन. सांध्यालाही त्या वेळी आराम बरा. १०० मीटरचा काळा पाईप २० डिग्रीने जास्त तापला तर फूटभराहून जास्त लांबतो आणि रात्री तेवढाच आखडतो.

ईसीआर पासपोर्टवर आलेल्यांनी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद शोधून ठेवा. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला त्यात १० लाख रुपये आहेत, पण मुदत दोन किंवा तीन वर्षांची असते. मुदत बघा आणि पॉलिसी नंबर घरी बायकोला, आईला द्या. पैसे अडकले, पासपोर्ट काढून घेतला, तर भारतीय वकिलातीत जा किंवा सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. तेव्हा ती वही सोबत असू द्या.

झालं माझं. उद्या सकाळी मशीनवर जाल, तेव्हा क्लॅम्प लावल्याची वेळ लिहा. आणि शेजारच्या पोराने तुमच्याकडे बघितलं, तर दुसरीकडे बघू नका.