मिसळणाचा डबा, विमानातला

श्रोतेहो, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कधी फोडणी केलीयत? तेल तापलंय, धूर निघायला लागलाय आणि मोहरी सापडत नाही! घरी मिसळणाचा डबा उघडला की डोळे मिटूनही हात नेमका मोहरीच्या वाटीत जातो. एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टर-नर्सची तालीम म्हणजे हा डबा हाताच्या ओळखीचा करून घेणं.

पण तालीम घेतात कुठे? ऐसपैस हॉलमध्ये, पंख्याखाली, पुतळ्याभोवती सहाजण उभे राहून! अहो, आपल्याकडे पेशंटसाठी वापरतात त्या किंग एअर विमानाचं छत पावणेपाच फुटांवर. उभं कोण राहणार? इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोप मुका. मग तालीमही विमानाच्या तेवढ्याच सांगाड्यात हवी, पट्टा बांधून, तोच आवाज लावून.

मी अशा सांगाड्यात पहिल्यांदा शिरले तेव्हा इतकी वर्षं भूल दिल्याचा तोरा होता. पुतळ्याला ओकारी झाली. सक्शनची नळी माझ्याच पाठीमागच्या पिशवीत, पट्ट्यामुळे वळता येईना, नर्स ओरडून काय सांगतेय ते ऐकू येईना. पुतळा गेला. घाम मात्र खरा होता.

हवेची तर वेगळीच तऱ्हा. केबिनमधला दाब 8,000 फुटांवरच्याइतका उतरला, की कोंडलेली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. घाटात वेफर्सचं पाकीट टम्म होतं ना, तसं. श्वासनळीत घातलेल्या नळीचा फुगा आतून चेपायला लागतो. वर जाताना थोडी हवा काढावी, तर उतरताना तोच फुगा ढिला. म्हणून दाब दोन्ही वेळा तपासायचा. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात हो! पण चढताना, अंधारात, दाब मोजायचं यंत्र कुठल्या कप्प्यात आहे? पुन्हा सांगते, मोहरी कुठे आहे ते हाताला ठाऊक हवं.

ऑक्सिजनचंही तेच. 1,500 लिटरचा सिलिंडर, मिनिटाला 10 लिटर, कागदावर अडीच तास. धावपट्टीवर खोळंबा झाला, हवामानामुळे विमान दुसरीकडे वळवलं, मग? तालमीत मी हे मधेच, आधी न सांगता जाहीर करते. तेव्हाचे चेहरे...

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. तान्ह्या बाळांच्या पेटीचं राहूनच गेलं. एवढंच ऐका, नवी पिशवी आणलीत तर खुशाल आणा, पण कप्प्यांचा क्रम तोच ठेवा. आणि बदललाच असेल, तर उड्डाणाआधी एकदा दिवे घालवून...