विद्यादान : कथा, निधी आणि नेतृत्व

(शिरड शहापूर येथे ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



भगवान मल्लिनाथांच्या या अतिशय क्षेत्री विद्यापीठांच्या निधीविषयी बोलणे कोणाला काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु ५० वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेपुढे पुढील ५० वर्षांचा विचार उभा असतोच. सुवर्णमहोत्सवी निधीचा काही भाग परिसरातील मुलामुलींच्या उच्च शिक्षणासाठी राखून ठेवावा, असा विचार आपल्यात सुरू आहे. असा निधी पूर्वसूरींनी कसा उभारला आणि कोणत्या बळावर टिकवला, हे पाहणे म्हणूनच उचित ठरेल.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यांतील शास्त्रदानाची, म्हणजेच विद्यादानाची, एक अडचण आहे. मंदिराचे शिखर उभे राहिले की दाता ते डोळ्यांनी पाहतो. अभिषेकाची बोली लागते, तिचा आनंद त्याच क्षणी मिळतो. विद्यादानाचे फळ मात्र दहा-पंधरा वर्षांनी दिसते, आणि तेही बहुधा दुसऱ्याच गावी. आज दिलेला रुपया आणि उद्या घडणारा माणूस यांच्यामधले हे अंतर सांधण्यासाठी कथा लागते. आणि ती कथा खरी ठरवण्यासाठी नेतृत्व लागते.

पहिले उदाहरण मुंबईचे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६४ साली जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी कापसाची तेजी कोसळली आणि प्रेमचंदांच्या वैभवाला मोठी ओहोटी लागली. मनोरा मात्र १८७८ साली पूर्ण झाला. राजाबाईंना दिसत नसे आणि त्या सूर्यास्तापूर्वीच भोजन घेत. घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका सांगतात. इतिहासाच्या कसोटीवर तिचे काय होईल ते होवो. पण दात्याची संपत्ती ओसरली तरी त्याची मातृभक्ती आणि एका श्राविकेचे व्रत लोकांच्या स्मरणात राहिले, ते या कथेमुळेच.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडीत आश्रम गेला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे अण्णासाहेब हिंगणे ते पुणे अशी रोजची पायपीट करू लागले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी भारतात तसे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ साली मोजक्याच विद्यार्थिनींना घेऊन ते सुरूही केले. सरकारी मान्यता नव्हती, पुरेसा पैसा नव्हता. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे होते, म्हणून विद्वानांचीही शंका होती.

सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानला गेले, तेव्हा तेथील महिला विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. कर्व्यांनी जे कागदावर वाचले होते, ते दात्याने डोळ्यांनी पाहिले. १९२० साली त्यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देणगी आली तेव्हा कर्व्यांच्या हाती केवळ कल्पना नव्हती. पाव शतकाचे कष्ट होते. आणि एवढी देणगी मिळाल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२९ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते विद्यापीठाची हकीकत सांगत परदेशी गेले. युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका असा प्रवास त्यांनी केला.

तिसरे उदाहरण आपल्या समाजाच्या अंतःकरणाजवळचे. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते पूर्वी गावोगाव फिरले होते. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. त्यांनी मोठ्या दात्यांची वाट पाहिली नाही. ज्या घरी पैसा नव्हता, तेथून त्यांनी मूठभर धान्य मागितले. त्यामुळे देणाऱ्याला संस्था आपली वाटू लागली.

वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. ही कथा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, कारण ती निधी मिळवण्यासाठी रचलेली नव्हती. ती आधी घडली आणि मग सांगितली गेली. कथा आणि जाहिरात यांतला फरक हाच.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. मोठी रक्कम देतो, पण महाविद्यालयाचे नाव बदला, असे एका धनिकाने सुचवले आणि कर्मवीरांनी ती रक्कम नाकारली, हा प्रसंग रयतच्या परंपरेत आजही सांगितला जातो. तेच महाविद्यालय २०२१ साली स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा एक घटक बनले.

कोणी विचारील, कर्व्यांनी दात्याच्या मातेचे नाव स्वीकारले आणि कर्मवीरांनी नाव बदलण्यास नकार दिला. मग योग्य कोण? माझ्या मते दोघेही. हिंगण्याला नाव जोडले गेले, पण मातृभाषेतून स्त्रीशिक्षण हा हेतू ढळला नाही. साताऱ्याचे नाव रयतेच्या श्रद्धेला आधीच अर्पण झालेले होते. अर्पण केलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही. दात्याला काय देता येते आणि काय देता येत नाही, हा विवेक म्हणजेच नेतृत्व.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी दानाची विशेषता विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांवरून सांगितली आहे. आपण बहुधा द्रव्य मोजतो आणि दात्याचा सत्कार करतो. विधी आणि पात्र यांकडे मात्र दुर्लक्ष होते. म्हणून आपल्या विचारार्थ चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना विश्वस्तांसाठी. निधीच्या वहीत पहिली नावे विश्वस्तांची असावीत. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ज्याने स्वतः दिले नाही, त्याच्या तोंडची कथा पोकळ वाटते.

दुसरी सूचना द्रव्याविषयी. शिक्षणासाठी वेगळा ध्रौव्यफंड करावा. मूळ रकमेला हात न लावता उत्पन्नातूनच साहाय्य द्यावे. हळद-सोयाबीनच्या हंगामात शेतकऱ्याने दिलेले पाचशे रुपये आणि व्यापाऱ्याने दिलेले पाच लाख एकाच वहीत, एकाच मानाने लिहिले जावेत. गुप्तदानालाही तेवढेच स्थान असावे.

तिसरी सूचना पात्राविषयी, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे करून त्याच्या घरच्या दारिद्र्याचे वर्णन करू नये. त्याने निधी कदाचित वाढेल, पण मुलाची मान कायमची खाली जाईल. रयतच्या वसतिगृहात मुले श्रम करून शिकत, म्हणून ती कोणाच्या दयेची धनी झाली नाहीत. आपली कथा मुलाच्या अभावाची नसावी, त्याच्या प्रयत्नाची असावी. आणि ती त्याच्या संमतीनेच सांगावी. साहाय्य घेणाऱ्याने सुटीत पाठशाळेतील लहान मुलांना गणित-विज्ञान शिकवावे, एवढी अपेक्षा पुरेशी आहे.

चौथी सूचना विधीविषयी. दरवर्षी महावीर जयंतीला निधीचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. किती जमले, किती वाटले, कोण पुढे गेले हे तर सांगावेच. पण कोणाचे शिक्षण मध्येच थांबले आणि का, हेही लपवू नये. अपयश सांगणाऱ्या संस्थेच्या यशावर लोक विश्वास ठेवतात.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या भूमीला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ चे. आमच्या आजोबा-आजींच्या पिढीला जे दार दूर होते, ते आज जवळ आले आहे. तरीही केवळ वसतिगृहाचे आणि परीक्षेचे शुल्क भरता येत नाही म्हणून परत फिरणारी मुले, विशेषतः मुली, आपल्या अवतीभोवती आहेत. त्यांच्यासाठी विद्यापीठ नव्याने काढण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या दारापर्यंत सोबत करणारा समाज हवा.

कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही पुण्याचे मार्ग सांगितले आहेत. कोणी देईल, कोणी इतरांकडून देववील, कोणी मनापासून अनुमोदन करील. शतकमहोत्सवाची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात देणगीदारांची यादी असेलच. तिच्या शेजारी या निधीतून शिकलेल्यांची यादीही असावी, आणि पहिल्या यादीतील काही नावे दुसरीतून आलेली असावीत, अशी मंगल कामना करतो.