जोडलेले यंत्र आणि रुग्णाची संमती
(ज्ञातिमंडळाच्या घाटनांदूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



घरातील आजारी माणसास आपण अंबाजोगाईस किंवा लातूरला नेतो, तेव्हा एक छापील कागद पुढे येतो आणि घाईत त्यावर सही होते. परंतु सही म्हणजे संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व अन्य पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. तेथेही त्यांना पुरी माहिती मिळाली होती काय, हाच सवाल होता.

या माहितीत आता एका नव्या धोक्याची भर पडली आहे. आजची पुष्कळशी वैद्यकीय यंत्रे दूरच्या संगणकांशी जोडलेली असतात. त्यामुळे दूरच्या डॉक्टरासही रुग्णाची स्थिती कळते, हा मोठाच लाभ होय. परंतु डॉक्टरासाठी ठेवलेल्या दारास कुलूप नसेल, तर तेथून चोरही शिरतो. क्ष-किरण व सी. टी. स्कॅनच्या प्रतिमा साठविणारे अनेक संगणक इंटरनेटवर उघडे पडल्याचे ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ साली दाखवून दिले. भारतात त्या यादीत महाराष्ट्र अग्रभागी होता. येथील सुमारे सात कोटी प्रतिमा उघड्या होत्या.

चोरीहूनही यंत्रातील ढवळाढवळ अधिक गंभीर. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांत असा दोष आढळला की, जवळ आलेल्या परक्या माणसास त्यांची गती बदलता यावी किंवा बॅटरी संपविता यावी. तसे कोणास अपाय झाल्याचे आढळले नव्हते. तरीही रुग्णांना दवाखान्यात बोलावून यंत्रातील आज्ञावली सुधारावी लागली.

म्हणून यंत्र नाकारू नका. त्याने प्राण वाचतात. मात्र सहीपूर्वी नम्रपणे विचारा : हे यंत्र कोणाशी जोडलेले आहे? आमची माहिती कोठे साठते, कोण पाहतो? पुढे दोष निघाल्यास आम्हांस कोण कळवील? यंत्राचे नाव व क्रमांक असलेले कार्ड घरी जपून ठेवा.

आपल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी विनंती एवढीच की, वडीलधाऱ्यांचा अंगठा कागदावर टेकविण्यापूर्वी तो कागद त्यांना मराठीत समजावून सांगावा. देह ज्याचा, निर्णयही त्याचाच.